आईच्या हातांचे व्हिडिओ

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि घरची मंडळी खुशाल असाल. इकडे मी आणि दाद्या ठीक आहोत. थंडी कमी होते आहे. घराच्या मागच्या खिडकीची कडी तुटली होती, ती बसवून घेतली.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट उलटंसुलटं करशील. पत्ता आत्याकडून घेतला. फोन नंबरही ती देत होती, पण फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचलं नसतं. आई गेल्याचं तिने तुला कळवलं होतं, हेही तिच्याकडूनच समजलं. तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

कामाचं लिहिते. आईने तुला कधी काही व्हिडिओ पाठवले होते का? अगदी छोटे, एका मिनिटाच्या आतले. पाठवले असतील तर कृपा करून ते पुसू नकोस आणि मला लगेच कळव.

कसले व्हिडिओ ते सांगते. आपल्या दाद्याच्या खुणा तू घरात असताना होत्या तेवढ्याच राहिल्यात असं समजू नकोस. बहिऱ्या मुलांच्या शाळेने त्याला दुसऱ्याच वर्षी परत पाठवलं, त्यामुळे तिथली भाषा त्याला आलीच नाही. तू सासरी गेलीस, मग माझं लग्न झालं, बाबा गेले, आणि त्या स्वयंपाकघरात तो आणि आई दोघंच उरले. त्यांचं बोलणं वाढत गेलं. भांडायचे काय, हसायचे काय! शेजारच्या काकू सांगायच्या की खिडकीतून बघताना वाटतं, हातांची मारामारी चालली आहे. मला मात्र सुट्टीत येणाऱ्या पाहुणीला लागतं तेवढंच येतं. भूक, झोप, डोकं दुखतंय, चल.

आईला स्वतःच्या आजाराचं नक्की कळलं तेव्हा तिने शेजारच्या मुलीकडून लॅपटॉपचा कॅमेरा चालवायला शिकून घेतला. रोज दुपारी टेबलापाशी बसायची आणि एकेक खूण करून तिचा अर्थ सांगायची. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात एकच, ‘हे म्हणजे.’ प्रत्येकाला तिने नावही दिलं होतं. मला म्हणाली, बघून घे. मी तीनचार बघितले आणि म्हटलं, सावकाश बघीन.

ती गेल्यावर दाद्या रोज लॅपटॉप मांडीवर घेऊन तिला बघत बसायला लागला. चालू लॅपटॉप तसाच उचलून खिडकीपाशी न्यायचा, तिथून दारापाशी, तिथून परत दिव्याखाली. गेल्या महिन्यात बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली आणि लॅपटॉप मांडीवरून फरशीवर आला. वरून ओरखडासुद्धा नाही. आतून मात्र टक्, टक्, टक्. दाद्याला आवाज कुठला ऐकू येणार, पण तो दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसला आणि मला दाखवत राहिला की आत काहीतरी आपटतंय.

मी तो बंद करून चालू केला. परत बंद, परत चालू. माझ्या ऑफिसातल्या एकाने फोनवरून एक सॉफ्टवेअर सांगितलं, ते दिवसभर लावून ठेवलं. संध्याकाळपर्यंत टक्‌टक जाऊन नुसती घरघर राहिली. दुरुस्तीच्या दुकानदाराने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “हे माझ्या हातचं नाही.” डिस्कमधला डेटा काढून देणारी वेगळी लॅब असते म्हणे. उद्या तिथे जाते आहे.

दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. म्हणून तुला विचारते.

सध्या दाद्या एक खूण सारखी करतो. उजवा तळहात छातीसमोर गोल फिरवतो आणि मग बोटं फाकून हात सोडून देतो. होती ती गेली, असं काहीतरी. आईचं विचारतोय हे कळायला व्हिडिओची गरज नाही. मी जवळ घ्यायला जाते तर मला ढकलून देतो आणि परत तेच. दिवसातून दहा वेळा. मला आता त्याच्या हाताकडे बघवत नाही.

मार्च संपायच्या आत हे सगळं मिळालं तर फार बरं होईल.

धाकटी

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी आहेत, पण मिळालं. आईने तुला काही पाठवलं नव्हतं हे वाचून मला नवल वाटलं नाही. तरी पाकीट इतक्या घाईने फोडलं की आतल्या कागदाचा कोपरा फाटला. मुलाचं कॉलेज सुरू झालं हे वाचून बरं वाटलं. मी त्याला पाहिलं तेव्हा तो रांगत होता.

आता लॅबचं. मला वाटलं होतं पांढरे कोट घातलेली माणसं असतील. एका चपलांच्या दुकानावरचा मजला, लांबट खोली, आणि तिथे आपल्या आत्याएवढ्या वयाच्या एक बाई, गळ्यात दोन चष्मे. त्यांनी डिस्क हातात घ्यायच्या आधी मला विचारलं, “पडल्यानंतर किती वेळा चालू केलीत?”

मी म्हटलं, दोनतीनदा.

“दोनतीनदा असं सगळेच म्हणतात.”

मग मी सगळं सांगितलं, सॉफ्टवेअरसकट. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “पाय मोडलेल्या माणसाला तुम्ही जिना चढायला लावलात. असू दे, घरोघरी हेच करतात.” त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आत आरशासारखी गुळगुळीत चकती असते, तिच्यावरून एक बारीक काटा न टेकता फिरतो. पडल्यावर तो काटा वाकला आणि मी चालू करत राहिले तेव्हा चकतीला खरवडत राहिला. आता अगदी ह्याच जातीची दुसरी डिस्क शोधायची, तिचा काटा काढायचा, धूळ नसलेल्या पेटीत ही उघडून तो हिला बसवायचा, आणि मग जेवढं वाचता येईल तेवढं हळूहळू उतरवून घ्यायचं. खरवडलं गेलंय तिथलं मिळणार नाही.

“काय शोधायचं आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईचे व्हिडिओ. त्या एकदम मऊ झाल्या. “आई आहेत का?” मी मानेनेच नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “आठवणीचं सामान असलं की मी जास्त जपून करते.” मी पावती घेऊन निघाले. खाली येऊन रस्त्यावर उभी राहिले. चपलांच्या दुकानातला माणूस विचारायला लागला, कुठला नंबर दाखवू?

तेव्हापासून वाट बघणं चालू आहे. मला बसवत नाही ताई. कपाटं काढून झाली, भांडी घासून झाली, पंख्याची पाती पुसून झाली. फोन हातात धरून या खोलीतून त्या खोलीत जाते. काल लॅबचा फोन समजून उचलला तर कोणीतरी विम्याबद्दल बोलत होतं, आणि मी त्या पोराला असं झाडलं की त्याने माफी मागून फोन ठेवला. आत्ता हे लिहितानाही दोनदा उठले.

दाद्याही घरीच आहे. पुठ्ठ्याचे खोके बनवण्याच्या ज्या कारखान्यात तो इतकी वर्षं जात होता, तिथून त्याला सुट्टी दिली आहे. मालक भला माणूस आहे. स्वतः घरी आला होता. म्हणाला, “कापताना रेघ सोडून जातो हो. आधी असं कधी नव्हतं. परवा बोट थोडक्यात वाचलं. आईचं मनाला लागलंय त्याच्या. जरा सावरू दे, मग बघू.” दाद्या समोरच बसून आमच्या तोंडांकडे बघत होता. मग उठला आणि ती खूण केली, गोल हात आणि सोडून देणं. मालकाचे डोळे भरून आले. दाद्या पाय आपटत आत निघून गेला.

मार्चची काय घाई आहे, असं तू विचारलं आहेस. माझी रजा संपते. आधीच बिनपगारी चालली आहे. सासूबाईंचं सगळं माझा नवराच बघतोय, मुलीची परीक्षा तोंडावर आली आहे. एवढंच.

लॅबचा काही खर्च उचलू का, हेही तू विचारलंस. नको. विचारलंस तेवढं पुरे.

धाकटी

ता. क. पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. रजेचं खरं आहे. एवढंच आहे हे खरं नाही.

११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं मोठं पत्र आलं. दोनदा वाचलं. ता. क. बद्दल तू काहीच विचारलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. तू पूर्वीही अशीच होतीस, समोरच्याला बोलायला जागा सोडून गप्प बसायचीस. मला त्याचा राग यायचा.

डेटा मिळाला.

सगळा नाही. बाईंनी फोन केला तेव्हा आधी तेच सांगितलं, “आनंदाने उडी मारू नका.” पहिला काटा बसवला तो चाललाच नाही. दुसरी डिस्क मागवावी लागली, ती चालली. पण चकतीवर जिथे फायलींची नावं लिहिलेली असतात तो भाग नेमका खरवडला होता. म्हणजे व्हिडिओ आहेत, पण बिननावाचे. काहींत चित्र आहे आणि आवाज नाही. काहींत आईचा आवाज आहे आणि पडद्यावर नुसता करडा रंग. काही मध्येच तुटलेले. धड असलेले त्या मानाने थोडे.

घरी आणून एका नव्या लॅपटॉपवर लावले. माझ्या मुलीचा लॅपटॉप, तिच्या परीक्षेच्या तोंडावर आणलाय, तेही एक पाप. पहिल्याच व्हिडिओत आई दोन बोटं गालावर आपटते, कॅमेऱ्याकडे बघून हसते आणि काहीतरी सांगते. आवाज नाही. अर्थ गेला. दुसऱ्यात करड्या पडद्यातून ती म्हणते, “हे म्हणजे रागावलो नाही, दमलोय.” खूण गेली. मी पाचसहा बघितले आणि लॅपटॉप मिटून टेबलावर डोकं ठेवलं. एकाचे हात, दुसऱ्याची जीभ. ह्याचं मी काय करणार होते?

दाद्याने माझा खांदा हलवला आणि लॅपटॉप उघडला. तो हातभर लांब सरकवून त्याने आवाज नसलेला व्हिडिओ लावला. त्याला आवाजाचं काय! आईने गालावर बोटं आपटली. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि लिंबू घेऊन आला. माझ्यासमोर ठेवलं. मी बघत राहिले. त्याने पुढचा लावला, बघितला, आणि मला दंडाला धरून ओढत न्हाणीघरात नेऊन गळका नळ दाखवला. गळतंय. त्याच्या पुढचा बघून स्वतःशीच हसला आणि शेजारच्या काकूंच्या खिडकीकडे बोट करून दोन्ही हातांनी भरपूर पोट काढून दाखवलं. काकूंना हे कधी कळता कामा नये.

ताई, मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. सहा आठवडे मी ज्याच्यासाठी जिवाचं रान करत होते ते सगळं शेजारच्या खोलीत बसलं होतं. ही भाषा त्याचीच तर होती. त्याला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या, त्या मालकाच्या, कोणाच्याच नाही. आम्ही त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलत होतो.

मग रोज बसलो. चित्र असलेले त्याने सोडवले. आवाज असलेले मी ऐकायचे, मग त्याला समजेल असं सोंग करायचे आणि तो खूण करून दाखवायचा. ‘रागावलो नाही, दमलोय’ चं सोंग काय करणार? मी घरभर धावले, धापा टाकल्या, कपाळावर आठ्या घातल्या, त्या हाताने पुसल्या. तो खो खो हसला. मग मनगटं जुळवून हात खाली सोडले. मी ते माझ्या फोनवर टिपलं. कधी कधी आईची खूण बघून तो मान हलवायचा, चूक आहे म्हणायचा आणि स्वतः बरोबर करून दाखवायचा. तिच्या बोटांना शेवटी सूज होती, तिला नीट वळवता येत नसणार.

आणि धड असलेल्या एका व्हिडिओत ती खूण निघाली. तीच. तळहात गोल फिरवायचा, बोटं फाकून सोडून द्यायचा. आई म्हणते, “हे म्हणजे धूसर. काच पुसायची असली की करतो. धुकं असलं की करतो. दिवा कमी वाटला तरी.”

मी थांबवला. परत लावला.

तो आईचं विचारत नव्हता गं. त्याला दिसत नव्हतं! जवळचं दिसत नव्हतं. म्हणून लॅपटॉप घेऊन उजेडाच्या मागे फिरायचा, म्हणून रेघ सोडून कापायचा. आणि तो सांगायचा तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडून रडायचे. ढकलून देईल नाही तर काय करील? ज्याला ऐकू येत नाही त्याच्या डोळ्यांसमोर धुकं, आणि घरातली माणसं डोळे पुसत बसलेली. दुसऱ्या दिवशी त्याला डोळे तपासायला नेलं. वयाने येतो तो साधा जवळचा चष्मा, बस्स. चष्मा घातल्यावर त्याने आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं, तळवे उलटेसुलटे करून. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि माझ्या केसांतल्या पांढऱ्या बटेला बोट लावून ‘अरेरे’ केलं.

एक तुझंही आहे. करड्या पडद्यातला. आई नेहमीसारखं सुरू करते, “हे म्हणजे,” आणि थांबते. बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणते, “आमची मोठी.” पुढे काही नाही. मी दाद्याला तुझा जुना फोटो दाखवला. त्याने दोन बोटांत स्वतःचं नाक धरून ओढलं. तू ओढायचीस तसं. क्षणाचाही विचार न करता.

आता ते लिहिते, नाहीतर परत पाकीट बंद करीन.

मला हे व्हिडिओ आठवण म्हणून नको होते. मी दाद्याला एका ठिकाणी ठेवायचं ठरवलं आहे. बहिऱ्या मोठ्या माणसांसाठी राहण्याची सोय आहे, सोबत कामाचं शिकवतात. तिथल्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, आमची भाषा शिकेपर्यंत त्याचं दुखलंखुपलं आम्हाला कळलं पाहिजे, त्याच्या खुणा द्या. मार्चअखेरपर्यंत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. त्यासाठी हवे होते. त्याला पोचवताना सोबत द्यायला. लॅबमधल्या बाई ‘आठवणीचं सामान’ म्हणाल्या तेव्हा मी पावती घेऊन तशीच का निघाले ते आता तुला कळेल.

त्याला मी माझ्याकडेही नेऊन बघितलं होतं. दोन खोल्या, सासूबाई अंथरुणावर. तिसऱ्या दिवशी तो आपला कारखाना शोधायला बाहेर पडला आणि संध्याकाळी कुठल्याशा बस थांब्यावर सापडला. माझी मुलगी घाबरून रडत होती आणि तो तिला समजावत होता, पण ते तिला कळत नव्हतं.

ते ठिकाण कुठलं हे तुला सांगायला नको. बाबा गेल्यावर तू ज्याची माहिती घेऊन आली होतीस तेच. आईने त्या दिवशी तुला दार दाखवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होते. आता मीच त्याच दाराशी चालले आहे. आणि चष्मा मिळाल्यावर तो परत कारखान्यात जाऊ शकेल, म्हणजे एक निमित्त तर गेलंच. पण संध्याकाळी घरी परतल्यावर दाराच्या आत कोण असेल?

तू काही लिहू नकोस असं म्हणणार होते. लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

धाकटी

३० मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू शिव्या दिल्या नाहीस. ‘त्याला विचारलंस का?’ एवढा एकच प्रश्न विचारलास. दिवसभर मी तुझ्यावर चिडून होते, कारण विचारलं नव्हतं.

म्हणून आधी त्याला ते ठिकाण दाखवायला नेलं. मोठं आवार आहे, पांढऱ्या भिंती, गवत वाढलेलं. जेवणाच्या खोलीत तीसेक माणसं आणि एक आवाज नाही, फक्त भांड्यांचा. सगळे हात चाललेले. दाद्या दारात उभा राहिला आणि त्या हातांकडे असा बघत राहिला की त्याला आत ढकलावं लागलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पण इतक्या लोकांना हाताने बोलताना त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी, तेही बहिरेच आहेत, त्याला काहीतरी विचारलं. दाद्याला समजेना. मग त्याने आपली खूण केली, मास्तरांना समजेना. दोघं हसले. मास्तरांनी त्याच्या हातात करवत दिली. चष्मा नाकावर चढवून त्याने रेघेवर फळी कापली आणि माझ्याकडे असं बघितलं की बघ.

घरी आल्यावर आम्ही त्या जागेची एक खूण ठरवली, करवत आणि पुष्कळ हात. मी त्याला विचारलं, तिथे जायचं? त्याने हो म्हटलं. लगेच, हसून. मला इतकं हलकं वाटलं की मी तसंच फोन करून कळवून टाकलं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर पलंगावर दोन बॅगा. एक त्याची. दुसरी माझी. माझे कपडे त्याने खोक्यात माल भरतात तसे कडा जुळवून भरले होते, माझा कंगवा, माझ्या गोळ्या, चष्म्याचं घर. सगळं.

त्याला वाटलं होतं आपण दोघं जातोय.

मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. एकेक व्हिडिओ, त्याचे आणि आईचे, सगळे लावून बघितले. ‘एकटा’ ची खूण नाही, ताई. ‘तू राहा, मी जाते’ ची नाही. त्यांच्या बोलण्यात ती कधी लागलीच नव्हती. डिस्कच्या खरवडलेल्या भागात गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून बघितली. पण मला माहीत होतं, नव्हतीच. बाहेर येऊन परत आत गेले. पाणी प्यायले. काकूंकडे जावंसं वाटलं. शेवटी त्याच्यासमोर बसले.

त्याच्याकडे बोट केलं. त्याची बॅग. करवत, पुष्कळ हात. मग माझ्याकडे बोट, आणि लांब, माझ्या घराची खूण. त्याने तेच परत करून दाखवलं, मी तिथे, तू लांब. भुवया वर करून. मी मानेने हो म्हटलं. त्याने परत केलं, सावकाश, जणू मीच चुकत असेन. मी परत हो म्हटलं. मग तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला.

मग त्याने माझी बॅग ओढली आणि एकेक कपडा बाहेर काढला. भिरकावला नाही. घडी मोडली तर परत घालत होता. सगळे पलंगावर नीट रचून ठेवले. फक्त माझी लोकरीची टोपी स्वतःच्या बॅगेत घातली आणि चेन लावली. मी नको म्हणायच्या आत त्याने माझ्याकडे बघून एक खूण केली, छातीवर मूठ, मग ती मूठ माझ्या हातावर. मी विचारलं, काय? त्याने परत केली. मला कळलं नाही. व्हिडिओंत नाही, आम्ही टिपलेल्यांतही नाही. मी सोंगं करून विचारलं, तो माझ्या डोक्यावर थोपटून उठून गेला.

सकाळी पोचवलं. फाटकातून आत जाताना मागे वळला नाही. व्यवस्थापकबाईंचे फोन येतात. पहिले दोन दिवस तो फाटकाजवळच्या बाकावर बसून होता, जेवायलाही तिथेच. एकदा ताट फेकलं. तिसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या बाकावर जाऊन बसले, दिवसभर. आता सुतारकामाला जातो. बाई म्हणाल्या, व्हिडिओंचा उपयोग होतोय, काल त्याने ‘लिंबू’ केलं आणि त्यांना समजलं. मी फोनवर ‘हो का, छान’ म्हटलं. फोन ठेवल्यावर घरभर फिरत राहिले. मी बरोबर केलं की नाही हे मला अजून समजत नाही. समजेल असं वाटतही नाही.

उद्या हे घर बंद करून मी परत जाते. म्हणून आजच हे लिहायला हवं.

ते ठिकाण माझ्या घरापासून दिवसभराच्या प्रवासावर आहे. तुझ्या घरापासून बसने तासाभराचं. हे मला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. आई तुला व्हिडिओ पाठवणार नाही, हेही. मी विचारलं, कारण दुसरं काही विचारायची माझी छाती होत नव्हती.

रविवारी सकाळी भेटायला देतात. मी महिन्यातून एकदा जाईन, त्याहून जास्त जमणार नाही. बाकीचे रविवार तो त्या बाकावर बसेल. तू जा, ताई. आईने तुला दार दाखवलं होतं, त्याने नाही. त्याचे केस कानांवर पांढरे झालेत आणि चष्मा नवा आहे, पण तो तुला फाटकाबाहेरच ओळखेल. जमलं तर त्याला विचार, ती मूठ माझ्या हातावर ठेवली म्हणजे तो मला काय म्हणाला. तू माझ्यापेक्षा धीराची आहेस. कळेपर्यंत विचारत राहशील.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहायचं मनात होतं. पण बघेन, रोज.

तुझीच,
धाकटी